गच्चीवरचे विमान

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात इंदुरी नावाचे गाव आहे. गावाजवळून इंद्रायणी वाहते आणि तिच्या काठी सरदार दाभाडे यांचा भुईकोट किल्ला उभा आहे. दुपारच्या उन्हात किल्ल्याच्या बुरुजांवर एखादी घार घिरट्या घालू लागली, म्हणजे तिच्याकडे पाहतच राहावेसे वाटते. ती पंख हलवीत नाही. तरीही खाली येत नाही. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा तिला आधार देत असते. याच मावळात, कामशेतच्या टेकड्यांवरून, कापडी पंखांच्या आधाराने माणसेही असाच विहार करतात. परंतु वाऱ्याच्या मर्जीने तरंगणे निराळे आणि यंत्राच्या बळावर इच्छित स्थळी उडत जाणे निराळे. त्यासाठी विमानच हवे.

विमान म्हटले, की प्रचंड कारखाने आणि शेकडो कारागीर आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु जगातील पहिले यशस्वी विमान अशा कारखान्यात तयार झाले नव्हते. अमेरिकेतील डेटन गावी विल्बर व ऑर्व्हिल राइट या दोघा बंधूंचे सायकलींचे दुकान होते. त्या दुकानातच त्यांनी हवेचा झोत सोडणारी एक पेटी केली आणि तीत निरनिराळ्या आकारांचे छोटे पंख ठेवून त्यांची परीक्षा घेतली. अखेर 17 डिसेंबर 1903 रोजी त्यांचे विमान उडाले. ते पहिले उड्डाण अवघे 12 सेकंदांचे आणि 120 फुटांचे होते!

पुढे विमानांचे मोठमोठे कारखाने निघाले. तरी घरी विमान बांधण्याची हौस मात्र मावळली नाही. अशा हौशी लोकांनी 1953 साली अमेरिकेत आपली एक संस्थाही स्थापन केली. लहान विमानांसाठी तेथे 2004 साली एक वर्ग ठरविण्यात आला. जमिनीवरून उडणारे त्या वर्गातील विमान अधिकांत अधिक दोन आसनांचे असावे आणि माणसे व इंधन धरून त्याचे वजन 600 किलोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा नियम होता. लहानशा मोटारगाडीचे वजनदेखील याहून अधिक भरते!

विमान हलके का असावे लागते? पंख्याच्या जोरावर विमान पुढे धावते. त्याचे किंचित तिरपे व वक्र पंख हवेला खाली लोटतात आणि ती हवा पंखांना वर उचलते. वजन जितके अधिक, तितका वेग अधिक लागतो व धावपट्टीही लांब लागते. केवळ हलकेपणाही पुरत नाही. तोल साधावा लागतो. शेपटीकडे भार वाढला, तर नाक वर उचलले जाते, वेग घटतो आणि पंखांचा आधार सुटतो. म्हणून विमान बांधणारा मनुष्य प्रत्येक भाग तोलून पाहतो व प्रत्येक जोड पुनःपुन्हा तपासतो.

असे विमान बांधण्याचा ध्यास महाराष्ट्रातील एका तरुणाने घेतला. त्यांचे नाव अमोल यादव. अमेरिकेत वैमानिकाचे शिक्षण घेत असताना त्यांनी लहान विमाने जवळून पाहिली आणि आपणही विमान बांधावे, असे त्यांच्या मनाने घेतले. मायदेशी परतून ते वैमानिक झाले. परंतु तो विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांचे पहिले प्रयत्न सफल झाले नाहीत. तरी त्यांनी हातातील काम टाकले नाही. मुंबईच्या कांदिवली उपनगरातील चारकोप येथे, आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर, त्यांनी सहा आसनांचे विमान बांधावयास घेतले. ना प्रशस्त कारखाना, ना धावपट्टी! घरच्या माणसांनी मात्र त्यांना मनापासून साथ दिली व पदरचा पैसाही घातला.

कित्येक वर्षांच्या परिश्रमांनंतर विमान आकारास आले. त्याचे भाग सुटे करून क्रेनच्या साहाय्याने खाली उतरविण्यात आले आणि फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईतील एका मोठ्या औद्योगिक प्रदर्शनात ते मांडण्यात आले. गच्चीवर बांधलेले विमान पाहून लोक थक्क झाले.

परंतु विमान दिसणे आणि ते आकाशात उडणे यांत फार मोठे अंतर असते. सायकलीची साखळी निसटली, तर स्वार रस्त्याच्या कडेला उतरू शकतो. आकाशात उतरण्यास जागा नसते. विमानातील बारीकशी चूकही आतील माणसांच्या आणि खालून जाणाऱ्यांच्या जिवावर बेतते. म्हणून विमानाची नोंदणी व तपासणी झाल्यावाचून उड्डाणास परवानगी मिळत नाही. या प्रतीक्षेतही अमोल यादव यांची अनेक वर्षे गेली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर 2017 मध्ये विमानाची नोंदणी केली. ऑक्टोबर 2019 मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली. पुढे 2020 साली धुळ्याच्या धावपट्टीवर विमानाच्या चाचण्या झाल्या आणि गच्चीवर जन्मलेले ते विमान अखेर आकाशात झेपावले!

विमान बांधणाऱ्यास विलंब दुःसह वाटतो, हे खरे. तपासणाऱ्यास मात्र अनोळखी माणसांच्या प्राणांची काळजी वाहावी लागते. एकाचे धाडस आणि दुसऱ्याची सावधगिरी या दोहोंचा मेळ बसतो, तेव्हाच उड्डाण सुखरूप होते.

इंदुरीच्या बुरुजावर घार आजही घिरट्या घालते. तिला पंख उपजतच लाभले आहेत. माणसाने मात्र आपले पंख मोजून, तोलून, चुकून आणि पुन्हा सुधारून स्वतःच्या हातांनी घडविले आहेत.

स्वाध्याय

1. घारीचे तरंगणे व विमानाचे उड्डाण यांत कोणता फरक आहे?
2. विमानाच्या शेपटीकडे भार वाढल्यास काय होते?
3. विमानाच्या तपासणीस लागणारा विलंब योग्य आहे काय? तुमचे मत सकारण लिहा.