व्हॉलीबॉल : दुखापत, संघभाव आणि प्रशिक्षण

व्हॉलीबॉलमध्ये दोन संघ जाळीच्या दोन बाजूंस उभे असतात व प्रतिपक्षाशी झोंबी घेण्याचा प्रसंग सहसा येत नाही. त्यामुळे कबड्डी किंवा फुटबॉल यांच्या मानाने हा खेळ निर्धोक आहे, असा समज सर्वत्र आढळतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात होल्योक या गावी विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये हा खेळ प्रचारात आणला, तेव्हा त्यांचा हेतूही असाच होता. बास्केटबॉलची धावपळ व धक्काबुक्की ज्यांना मानवत नाही, अशा प्रौढांना सौम्य व्यायाम घडावा, अशी त्यांची योजना होती.

पुढे मात्र या खेळाचे स्वरूप पालटले. विशेषतः अमेरिकेतील महाविद्यालयीन मुलींच्या संघांनी त्याला वेग आणि उंची प्राप्त करून दिली. शिक्षणसंस्थांत स्त्रीपुरुष असा भेद करण्यास मनाई करणारा कायदा त्या देशात १९७२ मध्ये झाला आणि मुलींच्या खेळांसाठी मैदाने, प्रशिक्षक व शिष्यवृत्त्या उपलब्ध होऊ लागल्या. एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने मुलींची व्हॉलीबॉल अजिंक्यपद स्पर्धा १९८१ मध्ये सुरू केली. ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा सामना पाहण्यास लिंकन शहरातील मैदानात ९२,००३ प्रेक्षक जमले होते. खेळ जसा वाढला तसा खेळाडूंच्या शरीरावरील भारही वाढला. हा भार कसा पडतो, तो वेळीच का कळत नाही आणि तो हलका करण्यात संघाचा व प्रशिक्षकाचा वाटा कोणता, याचा विचार येथे केला आहे.

उडी आणि उतरणे

मुलींच्या सामन्यात जाळीची उंची २.२४ मीटर असते. तिच्यावरून चेंडू स्मॅश करण्यासाठी किंवा प्रतिपक्षाचा स्मॅश अडविण्यासाठी खेळाडूला वारंवार उंच उडी घ्यावी लागते. उडीपेक्षा उतरण्यातच धोका अधिक असतो, हे एका साध्या हिशेबावरून कळेल. समजा, ६० किलोग्रॅम वजनाची खेळाडू ५० सेंटिमीटर उंचीवरून खाली आली. पाय ताठ ठेवल्यामुळे जमिनीला टेकल्यावर तिचे शरीर अवघ्या १० सेंटिमीटर अंतरात थांबले, तर त्या वेळी पायांवर पडणारा सरासरी भार तिच्या वजनाच्या सहापट, म्हणजे ३६० किलोग्रॅम वजनाएवढा होतो. तीच खेळाडू गुडघे व कंबर वाकवून २५ सेंटिमीटर अंतरात हळूहळू थांबली, तर हा भार तिप्पट, म्हणजे १८० किलोग्रॅमच राहतो. उंची तीच, शरीर तेच. केवळ उतरण्याच्या रीतीमुळे भार निम्मा झाला.

या खेळात अकस्मात होणाऱ्या दुखापतींत घोटा मुरगळण्याचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. त्याचे कारण नियमांतही सापडते. पावलाचा काही भाग मधल्या रेषेवर किंवा रेषेच्या वर असेल, तर पाऊल पलीकडे गेल्यास तो दोष मानला जात नाही. परिणामी स्मॅश मारणारी एक व अडविणारी दुसरी, अशा दोघी जाळीखालच्या त्याच अरुंद पट्ट्यात उतरतात. एकीचे पाऊल दुसरीच्या पावलावर पडते, घोटा आतल्या बाजूस वळतो आणि बाहेरील बाजूचे अस्थिबंध ताणले जातात किंवा तुटतात. नॉर्वेतील रोआल्ड बार व त्यांच्या सहकाऱ्यांनी झेप घेण्याची व उतरण्याची पद्धत शिकविणे, डळमळत्या फळीवर तोल सांभाळण्याचा सराव देणे आणि जाळीखालच्या धोक्याची जाणीव करून देणे, असा कार्यक्रम आखला. घोटा मुरगळण्याचे प्रमाण त्यामुळे सुमारे निम्म्यावर आले, असे त्यांच्या १९९७ च्या निबंधात नमूद आहे. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा संभव अधिक असतो. म्हणून घाईने मैदानात परतणारी खेळाडू दुसऱ्या दुखापतीची तयारीच करीत असते.

गुडघ्याच्या दुखापती दोन प्रकारच्या असतात. उतरताना गुडघे आतल्या बाजूस झुकले, तर सांध्यातील फुलीच्या आकाराच्या दोन अस्थिबंधांपैकी पुढचा एकाएकी तुटू शकतो. मग अनेक महिने खेळाविना काढावे लागतात. हा धोका मुलींना मुलांहून अधिक असल्याचे अनेक खेळांत आढळून आले आहे. तो अटळ मात्र नाही. टिमथी ह्यूएट व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील फुटबॉल, व्हॉलीबॉल व बास्केटबॉल खेळणाऱ्या शालेय खेळाडूंचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. उडी व उतरणे यांचे विशेष शिक्षण न मिळालेल्या मुलींत गुडघ्याच्या गंभीर दुखापतींचे प्रमाण शिक्षण मिळालेल्या मुलींच्या ३.६ पट दिसून आले. दुसरा प्रकार हळूहळू वाढणारा आहे. सततच्या उड्यांमुळे गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा झिजते व दुखू लागते. या दुखण्याची सुरुवात सांगता येईल असा विशिष्ट दिवस नसतो. म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते.

खांद्याच्या बाबतीत आणखी एक विलक्षण गोष्ट दिसते. स्मॅश मारणाऱ्या हाताच्या खांद्यामागून जाणाऱ्या एका मज्जातंतूवर ताण पडून खांद्याच्या पात्यावरील स्नायू क्षीण होतो आणि पुष्कळदा खेळाडूस काहीच दुखत नाही. वेदना हा शरीराचा एक पहारेकरी खरा. पण तो प्रत्येक वेळी हाक देतोच असे नाही.

आहाराचा प्रश्नही येथेच येतो. श्रमांच्या मानाने अन्न कमी पडले, तर मुलींची मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे दुर्बल होतात आणि त्यांना सूक्ष्म भेगा पडू शकतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेविषयी स्वतंत्र निवेदन प्रसिद्ध केले. पाळी थांबणे हे कसून सराव केल्याचे लक्षण आहे, असा समज काही मंडळांत रूढ होता. तो चुकीचा व घातक आहे.

न कळलेला आणि न सांगितलेला धोका

फ्लो हायमन ही ह्यूस्टन विद्यापीठाची विद्यार्थिनी पुढे जगातील अग्रगण्य व्हॉलीबॉलपटू म्हणून प्रसिद्धीस आली. लॉस एंजेलिस येथील १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविणाऱ्या अमेरिकी संघात ती होती. जानेवारी १९८६ मध्ये जपानमधील मात्सुए येथे सामना चालू असताना, बदली खेळाडू मैदानात गेल्यावर ती बाकावर बसली आणि तेथेच कोसळली. त्या वेळी ती ३१ वर्षांची होती. हृदयातून निघणारी महारोहिणी फाटल्याने तिचा मृत्यू झाला होता. शवचिकित्सेत मार्फान विकार आढळला. या विकारात शरीरातील जोडणाऱ्या ऊती दुबळ्या असतात. उंच बांधा आणि लांब हात ही त्याची बाह्य लक्षणे, आणि व्हॉलीबॉलमध्ये हेच गुण मोलाचे मानले जातात. पुढे तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही हाच विकार असल्याचे निदान झाले आणि शस्त्रक्रिया करता आली. वेळीच झालेल्या तपासणीचे मोल यावरून ध्यानात येते.

हायमनचा विकार कोणास ठाऊकच नव्हता. पुष्कळ दुखणी मात्र स्वतः खेळाडूस ठाऊक असतात आणि तरीही सांगितली जात नाहीत. डोक्याला मार बसलेल्या महाविद्यालयीन खेळाडूंविषयीचा एक अमेरिकी अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मार लागल्यावरही खेळत राहण्यासाठी मागील हंगामात आपल्यावर दडपण आले, असे त्यातील चतुर्थांशाहून अधिक खेळाडूंनी सांगितले. हे दडपण प्रशिक्षक, सहकारी, पालक व प्रेक्षक अशा अनेकांकडून येते. जागा जाईल, शिष्यवृत्तीवर परिणाम होईल, मैत्रिणी नाराज होतील, अशी भीती मनात असते. शेवटची भीती विशेष विचार करण्याजोगी आहे. कारण संघाविषयीच्या प्रेमातूनच ती जन्म घेते.

संघभावाची दोन रूपे

एकजूट म्हणजे नेमके काय, याचा शास्त्रीय विचार कॅनडातील अल्बर्ट कॅरन यांनी केला. संघभावाची दोन अंगे त्यांनी वेगळी केली. समान ध्येयासाठी एकत्र काम करण्याची वृत्ती हे पहिले अंग आणि परस्परांविषयी वाटणारा स्नेह हे दुसरे. ही अंगे मोजण्यासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये एक प्रश्नावली तयार केली. पुढे २००२ मध्ये त्यांनी ४६ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले. एकजूट व यश यांचा संबंध स्पष्ट असून तो महिलांच्या संघांत अधिक दृढ आहे, असे त्यांतून निघाले.

व्हॉलीबॉलमध्ये हा संबंध प्रत्यक्ष पाहता येतो. चेंडू हातात धरता येत नाही. तीन स्पर्शांत तो परतवावा लागतो. सेटरने चेंडू उचलण्यापूर्वीच स्मॅश मारणारी मुलगी धाव घेते. चेंडू आपल्या हातापाशी येईलच, या विश्वासावर ती झेपावते. हा मेळ महिनोन्‌महिने केलेल्या सरावातून जमतो. म्हणून सेटर जायबंदी झाली, की एक खेळाडू कमी होते एवढेच नव्हे, तर अनेकींची लय एकदम बिघडते. नवी सेटर आली, की साऱ्याच जणींना आपले पाऊल नव्याने मोजावे लागते. अमेरिकेत २०१८ पासून विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची मध्यवर्ती नोंद ठेवली जाते आणि पुढील वर्षांत बदलाचे नियमही सैल झाले. त्यामुळे संघ दरवर्षी नव्याने जुळविण्याचे काम वाढले आहे.

परंतु एकजूट नेहमीच हितकारक ठरते असे नाही. ‘आपल्यापैकी कोणी कुरकुर करीत नाही’ हा ज्या संघाचा अभिमान, त्या संघात घट्ट एकजुटीमुळेच दुखापत दडविली जाते. ‘आपल्यापैकी कोणी एकमेकींपासून काही लपवीत नाही’ हा ज्याचा अभिमान, तेथे तीच एकजूट खेळाडूचे रक्षण करते. दोन्ही संघांत स्नेह सारखाच असेल. त्या स्नेहाला वळण कोणते लागले, हे निर्णायक ठरते. आणि हे वळण बव्हंशी प्रशिक्षकाच्या वागणुकीतून लागते.

प्रशिक्षकाचे काम

प्रशिक्षकाच्या वर्तनाचे पृथक्करण करण्याचे श्रेय जन्माने भारतीय असलेल्या पी. चेल्लादुराई यांच्याकडे जाते. कॅनडात कार्य करीत असताना त्यांनी १९८० मध्ये एका सहकाऱ्यासह एक मापनपद्धती मांडली. तीत पाच गोष्टी पाहिल्या जातात : कौशल्याचे शिक्षण, निर्णयात खेळाडूंचा सहभाग, स्वतःच्या अधिकारात घेतलेले निर्णय, खेळाडूच्या सुखदुःखाची विचारपूस आणि चांगल्या कामगिरीची प्रशंसा. यांपैकी कोणतीही एकच गोष्ट सर्वकाळ योग्य नसते. प्रसंगाची गरज, खेळाडूंची अपेक्षा आणि प्रशिक्षकाचे प्रत्यक्ष वर्तन यांचा मेळ बसला, म्हणजे कामगिरी व समाधान दोन्ही साधतात, असा त्यांच्या सिद्धान्ताचा आशय आहे.

दुखापतीच्या बाबतीत या सिद्धान्ताचा अर्थ सहज उमगतो. डावपेच ठरविताना प्रशिक्षकाचा शब्द अखेरचा असावा. खेळाडू मैदानात उतरण्यास योग्य आहे की नाही, हा निर्णय मात्र त्याचा नव्हे. तो वैद्यांनी व क्रीडा-उपचारकांनी घ्यावयाचा असतो. सरावासही मर्यादा हवी. एनसीएएच्या नियमांनुसार हंगामात आठवड्यास २० तास व दिवसास ४ तास ही कमाल मर्यादा असून आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांतीचा असतो. घड्याळातील तासांइतकेच उड्यांच्या संख्येकडेही लक्ष ठेवणे आवश्यक आहे; कारण कंडरेची झीज उड्यांच्या प्रमाणात होते.

जायबंदी खेळाडूला एकटी पडू न देणे हेही प्रशिक्षणाचेच अंग होय. तिने सरावास उपस्थित राहावे, गुणांची नोंद ठेवावी, प्रतिपक्षाच्या चालींचे निरीक्षण करावे, नवख्या मुलींना शिकवावे. आपली जागा संघात कायम आहे, असा भरवसा जिला असतो, तिला घाईने परतण्याचे कारण उरत नाही आणि पुढच्या वेळी दुखणे सांगण्यास ती कचरत नाही.

एक अलीकडचे उदाहरण

डिसेंबर २०२४ मध्ये लुईव्हिल येथे झालेल्या एनसीएएच्या अंतिम फेरीत हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी उपस्थित झाले. यजमान लुईव्हिल विद्यापीठाची प्रमुख आक्रमक खेळाडू उपान्त्य सामन्यात घोट्याला इजा होऊन जायबंदी झाली आणि २२ डिसेंबरच्या अंतिम सामन्यात तिला खेळविण्यात आले नाही. प्रतिपक्ष पेन स्टेट विद्यापीठाचा होता. त्याच्या प्रशिक्षिका केटी शूमाकर-कॉली यांच्यावर त्या हंगामात स्तनाच्या कर्करोगावरील उपचार चालू होते आणि ही गोष्ट त्यांनी ऑक्टोबरमध्येच उघडपणे सांगितली होती. पेन स्टेटने उपान्त्य सामन्यात नेब्रास्काविरुद्ध पहिले दोन डाव गमावून पुढचे तिन्ही जिंकले होते. अंतिम सामना त्यांनी २५-२३, ३२-३४, २५-२०, २५-१७ असा जिंकला. पहिल्या श्रेणीच्या या स्पर्धेत विजेत्या संघाची प्रशिक्षक महिला असण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

विजयाचे श्रेय कोणत्याही एका कारणाला देणे शास्त्रीय दृष्टीने युक्त होणार नाही. परंतु दोन गोष्टी नोंद घेण्यासारख्या आहेत. एवढ्या महत्त्वाच्या सामन्यातही एक जखमी खेळाडू बाहेर राहू शकते व तिचा संघ तिच्याविना एक डाव जिंकून झुंज देऊ शकतो. तसेच स्वतःचे आजारपण न लपविणारी प्रशिक्षिका संघाचे नेतृत्व समर्थपणे करू शकते.

सारांश, गुडघे वाकवून उतरण्याचा सराव, तोल सांभाळण्यासाठी एक लाकडी फळी, पुरेसे अन्न, विश्रांतीचा एक दिवस आणि हंगामापूर्वी वैद्यकीय तपासणी, एवढी साधने कोणत्याही शाळेला जमविता येतील. त्यांस सरावाच्या आरंभी दररोज विचारावयाच्या एका प्रश्नाची जोड हवी : ‘आज कोणाला काही दुखते आहे काय?’ या प्रश्नाचे खरे उत्तर देणाऱ्या मुलीला शिक्षा किंवा उपहास सोसावा लागला नाही, तर दुसऱ्या दिवशी आणखी एक मुलगी खरे उत्तर देईल.