खाजगीपणाचा कायदा आणि कंपनीचा विधी अधिकारी

वकील म्हटला की काळा कोट आणि कोर्टाची पायरी आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु कोर्टात क्वचितच उभा राहणारा, कंपनीच्या कचेरीत पगारावर काम करणारा कायदेतज्ज्ञही असतो. त्यास विधी अधिकारी म्हणतात. करारनामे, जमिनीचे दस्त आणि कामगारांचे तंटे हे त्याचे जुने क्षेत्र. अलीकडे लोकांच्या माहितीचे रक्षण ही नवी जबाबदारी त्याच्यावर आली आहे. प्रस्तुत लेखात तिचा थोडक्यात परामर्श घ्यावयाचा आहे.

हा विषय मोठ्या शहरांपुरता आहे असे समजण्याचे कारण नाही. आमच्या सव गावचा एखादा तरुण महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस लागतो, तेव्हा आधार कार्डाची प्रत, बँकेचा खाते क्रमांक आणि पुष्कळदा हजेरीसाठी अंगठ्याचा ठसाही देतो. ही माहिती पुढे संगणकात जाते. जुलै २०२१ च्या महापुरात महाडमधील कितीतरी घरांतील कागदपत्रे चिखलात गेली. पण कागद गेला हे निदान घरच्यांना कळले. संगणकातील चोरीत मूळ माहिती जागेवरच राहते आणि नक्कल चोराकडे जाते. त्यामुळे ज्याचे गेले त्याला पत्ताही लागत नाही.

अशा चोरीची व्याप्ती पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. ११ व १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत या बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील यंत्रांतून पैसे काढण्यात आले आणि काही रक्कम हाँगकाँगला वळती झाली. १९०६ साली स्थापन झालेल्या बँकेची तिजोरी कोणी फोडली नव्हती. फोडली गेली ती संगणकव्यवस्था.

आता कायद्याकडे वळू. आपल्या राज्यघटनेत खाजगीपणाचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला नाही. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात माणसाचे शरीर, घर व कागदपत्रे यांना गैरवाजवी झडतीपासून संरक्षण सुचविले होते. ते मूलभूत हक्कांत आले नाही. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा तरतुदीच्या अभावावरच बोट ठेवले. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. पाण्याच्या हक्कासाठी महाडला झगडणाऱ्या द्रष्ट्याने कागदपत्रांच्या हक्काचाही विचार केला होता, याचा आम्हां महाडकरांना अभिमान वाटावा.

पुढील कायदे या निर्णयाच्या दिशेने जातात. एप्रिल २०२२ मध्ये 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने संगणकावरील हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळविण्याचा आदेश काढला. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला व नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. मुख्य बंधने लागू होण्यास त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. या कायद्याच्या दृष्टीने माहिती बाळगणारी कंपनी त्या माहितीची मालक नसून विश्वस्त आहे. चोरी झाल्यास ज्यांची माहिती गेली त्या प्रत्येकास कळविणे तिला बंधनकारक आहे. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

येथेच विधी अधिकाऱ्याची खरी कसोटी लागते. चोरी झाली की "तूर्त वाच्यता नको" असे मालकास वाटणे स्वाभाविक आहे. कायदा सांगतो, ताबडतोब कळवा. अधिकारी मात्र पगार मालकाकडून घेतो. शिवाय वकील आणि पक्षकार यांच्यातील गुप्ततेचे संपूर्ण संरक्षण पगारी विधी अधिकाऱ्यास मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी स्पष्ट केले. म्हणजे त्याने मालकाला दिलेला लेखी सल्ला उद्या चौकशीत पुढे येऊ शकतो. माझ्या मते यात अनिष्ट काही नाही. योग्य सल्ला लेखी देणाऱ्यास तो कागद ढालीसारखा उपयोगी पडेल.

मात्र या कायद्यात एक उणीव मला जाणवते. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जमा व्हावयाची आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेले, नुकसानभरपाई देणारे कलम ४३-अ नव्या कायद्याने वगळण्याचे ठरविले आहे. मग ज्या कामगाराचा ठसा चोरीस गेला त्याच्या पदरात काय पडणार? खातेक्रमांक बदलता येतो, पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही.

सारांश, कायदा विश्वस्ताची भाषा बोलू लागला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु नुकसान सोसणाऱ्यास भरपाई मिळेपर्यंत हे विश्वस्तपद अपुरेच राहील. आपल्यापैकी जे उद्या कायद्याच्या अभ्यासाकडे वळतील त्यांनी या प्रश्नाचा जरूर विचार करावा. आणि इतरांनी निदान आपली कागदपत्रे कोणाच्या हाती देताना "ही कशासाठी हवीत?" एवढे विचारण्याची सवय लावून घ्यावी.