गुडघा दुखतो, तरी चालायचे कसे?

चकलांब्याच्या कोणत्याही गल्लीत सकाळी जाऊन पाहा. ओट्यावर कुणीतरी आजी गुडघ्यावर हात ठेवून उठत असते. एक हात भिंतीला, एक हात गुडघ्याला. सून आतून म्हणते, "आत्याबाई, बसा तुम्ही. मी करते." आजी म्हणते, "बसून काय करू माय? बसलं की आखडतं, अन् उठलं की ठणकतं."

आजी बोलली ते अगदी खरे आहे. बसले की सांधा आखडतो. मग करायचे काय? उठायचे की बसायचे? हा धडा त्यासाठीच आहे.

चकलांबा हे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले गाव. या भागात कापूस वेचायचा, बाजरी-तूर काढायची, खुरपायचे. दिवाळीच्या पुढेमागे कितीतरी जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. दिवसभर वाकून ऊस तोडायचा. मोळी डोक्यावर घ्यायची. फळीवरून गाडीत चढायचे. असे पाच-सहा महिने चालते. गुडघा, कंबर, बोटे या कामातच झिजतात. ज्यांचे पोट अंगमेहनतीवर, त्यांचे गुडघे दुखू लागले की घरची चूल अडते. म्हणून हे दुखणे म्हातारपणाचे म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

आपल्याकडे सांध्याच्या सगळ्या दुखण्याला एकच नाव आहे, वात. पण ही दुखणी एक नाहीत. पुणे जिल्ह्यात भिगवण नावाचे गाव आहे. तेथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सोबत्यांनी एक मोठी पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका योजनेतली ही पाहणी होती. घरोघर जाऊन चार हजारांहून जास्त मोठ्या माणसांना विचारले, तुमचे काय दुखते? शंभरात सुमारे अठरा माणसांना सांधे, हाडे किंवा स्नायूंचे दुखणे होते. म्हणजे दर पाच-सहा माणसांत एक. दवाखान्यात बसून हे कळले नसते. पुष्कळ माणसे दवाखान्यात जातच नाहीत. दुखणे अंगावर काढतात.

यातली तीन दुखणी ओळखून ठेवा.

पहिले झिजेचे. हे सगळ्यांत जास्त आढळते. पन्नाशीच्या पुढे, वजन जास्त असेल तर, किंवा गुडघ्याला जुना मार असेल तर ते लवकर येते. दिवसभर काम केले की संध्याकाळी जास्त ठणकते. सकाळी थोडे आखडते, पण चार पावले चालले की सुटते.

दुसरे आमवाताचे. हे झिजेतून येत नाही. शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच उलटते आणि आपल्याच सांध्यांवर धावून जाते. हे तरुण बायांनाही होते. भिगवणात हजारात पाचेक माणसांना ते आढळले. दोन्ही हातांची बोटे, दोन्ही मनगटे सुजतात. सकाळी तासभर, कधी जास्त वेळ, मूठ मिटत नाही. भाकरी थापता येत नाही. हा आजार अंगावर काढला तर वर्ष-दोन वर्षांत बोटे वाकडी होऊ शकतात. वेळेवर औषध सुरू केले तर पुष्कळ जणांचे हात वाचतात. अशी सूज सहा आठवडे टिकली तर थांबू नका, डॉक्टरकडे जा.

तिसरे दुखणे डासामुळे येते. त्याचे नाव चिकनगुनिया. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९७३ साली त्याची साथ आली होती. पुढे २००६ साली तर मराठवाड्यात मोठी साथ आली. ताप चार-पाच दिवसांत जातो, पण सांधे महिनोन् महिने दुखतात. हा डास दिवसा चावतो. तो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून रांजण, टाक्या भरून ठेवाव्या लागतात. त्या झाकून ठेवा. आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासा.

आता गुडघ्याच्या आत काय असते ते पाहू. दोन हाडे जिथे एकमेकांना टेकतात, तिथे हाडाच्या टोकावर गुळगुळीत गादी असते. तिला कूर्चा म्हणतात. दोन हाडांच्या मध्ये थोडे चिकट पाणी असते. बैलगाडीच्या आखाला वंगण लागते, तसेच ते. पण गाडीचे वंगण माणसाला घालावे लागते. सांध्याचे वंगण शरीरच तयार करते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. कूर्चेला रक्ताची नळी नाही. मग तिला खाणे कसे मिळते? कापसाचा ओला बोळा हातात घ्या. दाबला की पाणी बाहेर येते. सोडला की पाणी पुन्हा आत शिरते. कूर्चेचे तसेच आहे. पाऊल टाकले की ती दबते, पाऊल उचलले की फुगते. त्या दाबण्या-सोडण्यातून तिला खाणे मिळते. माणूस महिना-महिना बाजेवर पडून राहिला तर कूर्चा उपाशी राहते. मांडीचा स्नायूही सुकतो. मग गुडघ्याला आधार कुणाचा? म्हणून आजी बसली की आखडते.

"मग रोज दहा मैल चालू का?" असे कुणी विचारील. तसे नाही. सपाट रस्त्यावर दहा मिनिटे चाला. आठवड्याने दोन मिनिटे वाढवा. चालताना थोडे दुखले तर घाबरू नका. पण घरी आल्यावर दोन तासांनीही दुखणे वाढलेलेच असेल, किंवा दुसऱ्या दिवशी सूज आली, तर काल जास्त झाले असे समजा. उद्या निम्मे चाला. पण थांबू नका. ही एक खूण धरली तर दुसरे माप लागत नाही.

मांडीचा स्नायू बळकट करायचा व्यायाम असा. बाजेवर किंवा सतरंजीवर पाय लांब करून बसा. जुन्या लुगड्याची किंवा धोतराची वळकटी करून गुडघ्याखाली ठेवा. आता गुडघ्याने ती वळकटी खाली दाबा. मांडी कडक झाली पाहिजे. हात लावून पाहा. पाच आकडे मोजा. सोडा. असे दहा वेळा एका पायाने, दहा वेळा दुसऱ्या पायाने करा. सकाळी आणि संध्याकाळी. हे जमू लागले की बाजेच्या कडेला बसून पाय समोर सरळ उचला, पाच मोजा, हळू खाली आणा. पैसा लागत नाही, जागा लागत नाही. गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. चार दिवस करून "काही फरक नाही" म्हणणारे फार असतात. बाजरीसुद्धा पेरल्या दिवशी कणसाला येत नाही.

बोटे दुखत असतील तर सकाळी हात सोसेल अशा कोमट पाण्यात बुडवा. पाण्यातच मूठ हळू मिटा, हळू उघडा. मग कामाला लागा.

काम सोडता येत नाही, पण कामाची रीत बदलता येते. गुडघ्याला सगळ्यांत जड जाते ते उकिडवे बसणे. खुरपताना तासन् तास उकिडवे बसावे लागते. अर्ध्या तासाने उठून उभे राहा, दोन पाती चालून या. लांब दांड्याचे खुरपे मिळत असेल तर उभ्यानेच काम होते. कापूस वेचताना ओटी जड होईपर्यंत थांबू नका, लवकर लवकर रिकामी करा. एक मोठा हंडा आणण्यापेक्षा दोन लहान घागरी दोन खेपांत आणा. चूल जमिनीवर असेल तर विटांचा ओटा रचून वर घ्या. एवढे काम घरातल्या पुरुषांनी एका दुपारी करावे. सुनेचा गुडघा दुखायची वाट पाहू नये.

परसाकडेला उकिडवे बसणे हा म्हाताऱ्या माणसांचा मोठा छळ असतो. लाजेने ती बोलत नाहीत. काही जण तर जायला नको म्हणून पाणी पीत नाहीत, कमी जेवतात. जुन्या खुर्चीच्या मधे भोक पाडून ती संडासाच्या भांड्यावर ठेवता येते. भिंतीत धरायला एक दांडा बसवा. खर्च थोडा, सुख मोठे.

काठी धरायला लाजू नका. पण ती कोणत्या हातात धरायची? उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. दुखरा पाय आणि काठी बरोबर पुढे टाका. बहुतेक माणसे उलट धरतात आणि मग म्हणतात, काठीचा उपयोग नाही.

अंगावर वजन जास्त असेल तर ते उतरवा. एक किलो वजन उतरले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. पाच किलो उतरले तर वीस किलोचे ओझे उतरले. मात्र जी माणसे आधीच काटकुळी आहेत त्यांनी उपास करू नये. "आंबट खाऊ नको, ताक पिऊ नको, वांगे वातूळ" असे सांगून घरच्या बाईचे जेवण तोडू नका. ताकाने गुडघा झिजत नाही. एका दुखण्यात मात्र खाण्यापिण्याचा संबंध आहे. पायाचा अंगठा रातोरात लाल होऊन सुजतो, चादर लागली तरी सहन होत नाही. ते वातरक्त. ज्यांना ते आहे त्यांनी दारू सोडावी आणि डॉक्टरांचे औषध घ्यावे.

घरगुती उपायांत निरगुडीच्या पाल्याचा शेक, गरम पाण्याचा शेक, तेल चोळणे यांनी बरे वाटते. खुशाल करा. बिब्बा मात्र लावू नका. त्याने कातडी भाजते, फोड येतात. तापल्या लोखंडाचा डागही देऊ नका. जुने दुखणे राहते आणि वर जखम होते.

आता पुडीविषयी. बाजारात, जत्रेत, कधी दारावरही कुणी बिननावाची पुडी देतो. ती घेतली की दुसऱ्या दिवशी माणूस पळू लागतो. लोक म्हणतात, "काय गुण आला!" अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड नावाचे जबर औषध असते. ते महिनोन् महिने पोटात गेले की चेहरा सुजून गोल होतो, रक्तात साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. कुणी अशी पुडी फार दिवस घेत असेल तर ती एकदम बंदही करू नका. तसे केल्याने जिवाला धोका होतो. पुडी हातात घेऊन डॉक्टरकडे जा. खरे डॉक्टरही काही आजारांत स्टेरॉइड देतात. पण ते मोजून देतात आणि मोजून कमी करतात.

दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्याही रोज खाऊ नका. त्या उपाशी पोटी जठराला जखम करतात. उन्हात राबून अंगातले पाणी कमी झाले असेल तर मूत्रपिंडाला इजा करतात. गुडघ्यापुरते दुखत असेल तर आधी चोळायचे मलम वापरून पाहा.

आमवातावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. गोळी चांगली आहे, पण ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. तुम्ही आता वाचू शकता. पाकिटावरचे, चिठ्ठीवरचे नाव आणि वार स्वतः वाचा. अक्षर लागले नाही तर पुन्हा विचारा. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या वारावर खूण करा. पोटात मूल असेल किंवा मूल हवे असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा.

सांधा एकाएकी लाल, गरम झाला आणि अंगात ताप भरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र काढू नका. गेवराईला उपजिल्हा रुग्णालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. गुडघा अगदीच गेला असेल तर तो बदलण्याची शस्त्रक्रियाही होते. ती कुणाला लागेल हे तेथे विचारावे.

दवाखान्यात गर्दी असते. डॉक्टरांपुढे उभे राहिले की निम्मे बोलायचे राहून जाते. म्हणून आदल्या रात्री एक कागद घ्या आणि त्यावर लिहा. कोणता सांधा दुखतो. किती महिने झाले. सकाळी किती वेळ आखडतो. सूज येते का. कोणत्या गोळ्या, कोणत्या पुड्या घेतल्या. साखर, रक्तदाब आहे का. पोटात जळजळते का. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. कागदाची घडी करा आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांसह पिशवीत ठेवा.