मोहाच्या झाडाखाली विज्ञानाचा तास



मार्च-एप्रिल आला की पहाटेच टोपली घेऊन आपण मोहफुलं वेचायला निघतो. लेकरंही सोबत येतात. फुलं नीट दिसावीत म्हणून बऱ्याच जणी झाडाखालचा पाला पेटवून देतात. कधी वारा सुटतो अन् आग पसरते. चोरखमाऱ्याला लागूनच नागझिऱ्याचं जंगल आहे. त्या आगीत मोहाची लहान रोपं जळतात. मग आपल्या नातवंडांनी फुलं कुठून वेचायची?

आपलं लेकरू शाळेत शिकतं की, जळायला इंधन, हवा आणि उष्णता लागते. पाला कुजून माती सुपीक होते. परीक्षेत बरोबर लिहितं. पण आई काडी ओढते तेव्हा गप्प राहतं. पुस्तक वेगळं, रान वेगळं, असंच त्याला वाटतं. ही दोन्ही जोडायला हवीत. शाळेत पर्यावरण शिकवणं सक्तीचं करावं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ सालीच सांगितलं आहे.

मुलांसोबत करून पाहा

१. दोन ताटांत सारखीच माती पसरा. एका ताटातली माती पाल्यानं झाका. दोन्ही ताटं तिरपी धरून एकेक तांब्या पाणी हळूहळू ओता. खाली आलेलं पाणी भांड्यात धरा. कोणतं जास्त गढूळ आहे? उघड्या मातीचा असाच गाळ पावसाळ्यात तलावात, बोडीत जातो. पाण्याची जागा गाळ घेतो आणि धानाला पाणी कमी पडतं.

२. धुऱ्यावरच्या मोहाखाली पाला न जाळता जुन्या साड्या किंवा जाळी अंथरा. त्यावरची फुलं आणि राखेतून वेचलेली फुलं शेजारी ठेवा. स्वच्छ कोणती, ते मुलांनाच सांगू द्या.

शाळेत काय मागायचं?

शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, आणि निम्म्या जागा बायांच्या. तिथं नुसती सही करून येऊ नका. महिन्यातून विज्ञानाचा एक तास तलावाच्या पाळीवर नाहीतर झाडाखाली घ्या, असं गुरुजींना सांगा. गटातली जाणती बाई सोबत जाईल. झाडं, मासे, माती तिला ठाऊक आहे. त्यामागचं कारण गुरुजी सांगतील.

बैठकीत बोलू या

- यंदा पाला न जाळता मोह वेचायला कोण कोण तयार आहे?
- समितीवर आपल्या गटातल्या किती जणी आहेत?

लेकरानं उद्या विचारलं, "आई, पाला कशाला जाळतेस?" तर रागावू नका. तो तास कामी आला, असं समजा.