चार विषय, एक दृष्टी

दहावी-बारावीचा निकाल लागला की विद्यार्थी आमच्याकडे येतात आणि बहुधा एकच प्रश्न विचारतात, "सर, मोठी शाखा कोणती?" या प्रश्नाला आम्ही थेट उत्तर देत नाही. फळ्यावर चार विषय लिहितो : मानसशास्त्र, लहान इंजिनांची दुरुस्ती, धर्माचा अभ्यास आणि जलसंपदा. मुले हसतात, कारण त्यांना या चौघांत काहीच नाते दिसत नाही. परंतु राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या विद्यार्थ्याला मुख्य विषयासोबत अन्य शाखांतील व कौशल्याचे विषयही घेता येतात. म्हणून हे नाते समजून घेणे आता अगत्याचे झाले आहे.

मोठी शाखा आणि लहान शाखा ही भाषा निरागस नाही. हाताने काम करणारा खालचा आणि ग्रंथ वाचणारा वरचा, या समजुतीची ती सावली आहे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची उतरंडीने केलेली विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात दाखवून दिले. विषयांची उतरंड आपण मनात जपली, तर तीच व्यवस्था वर्गाच्या दारातून पुन्हा आत येईल.

प्रथम इंजिन घेऊ. फवारणीच्या पंपावरील पेट्रोल इंजिन सुरू होत नसेल, तर अननुभवी मनुष्य दोरी ओढत राहतो. शिकलेला कारागीर क्रमाने पाहतो : इंधन पोहोचते काय, प्लगवर ठिणगी पडते काय, हवेची जाळी स्वच्छ आहे काय, दट्ट्या पुरेसा दाब देतो काय. चारांपैकी एक कारण उणे असले तरी इंजिन चालत नाही. कारणे जुळली की कार्य घडते आणि कारण दूर झाले की कार्य थांबते, हे प्रतीत्यसमुत्पादाचे सूत्र आपण धम्माच्या तासाला शिकतो. तेलाने माखलेल्या हातांनीही तेच सूत्र पडताळता येते. दोष नशिबात शोधायचा नाही, कारणात शोधायचा.

मानसशास्त्र हीच शिस्त मनाला लावते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून विस्मरणाचे मोजमाप केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. पाठ केलेले प्रथम वेगाने विसरते, नंतर सावकाश, असे त्यास आढळले. यावरून वसतिगृहातील विद्यार्थ्याने घ्यावयाचा बोध सोपा आहे. एकाच रात्री दहा वेळा वाचण्यापेक्षा आज, उद्या आणि आठवड्याने अशी उजळणी केलेली अधिक टिकते. "माझे डोकेच मंद आहे" असे म्हणणारा मुलगा कित्येकदा मंद नसतो. त्याची अभ्यासाची रीत चुकलेली असते, आणि रीत बदलता येते.

आता पाणी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी पडले. २०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षात ७०० मिलिमीटर पाऊस झाला, तर १,४०,००० लिटर पाणी होते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी १,१२,००० लिटर उरते. शंभर मुलांना रोज प्रत्येकी तीन लिटर पिण्यास दिले, तर वर्षाला १,०९,५०० लिटर लागतात. म्हणजे टाकी पुरेशी मोठी बांधली आणि पाणी नीट गाळून साठवले, तर एका छपरावर वर्षाची तहान भागते. जलसंपदेचे शिक्षण या त्रैराशिकापासून सुरू होते. पुढे ते धरण, कालवा, भूजल आणि समन्यायी वाटप यांपर्यंत जाते.

धर्माचा अभ्यास पाण्याहून दूर नाही, हे मुंबईजवळच्या कान्हेरीस गेल्यावर कळते. तेथील शंभराहून अधिक लेण्यांजवळ भिक्षुसंघासाठी खडकात पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, कोरलेली आहेत. पावसाचे पाणी त्यांत उतरावे म्हणून दगडात पन्हळी काढल्या आहेत आणि पोढ्यांच्या दानाचे शिलालेखही आहेत. ध्यान करणाऱ्यास चित्त जाणावे लागले, उपदेशकास धम्म जाणावा लागला, पाथरवटास छिन्नी चालवावी लागली आणि सर्वांना पाणी लागले. यांपैकी कोणाला लहान म्हणावे?

बाबासाहेबांचे जीवन हेच सांगते. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्रासोबत इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्राचाही अभ्यास केला. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेला आकार देण्यात त्यांचा वाटा होता. अखेरच्या वर्षांत 'द बुद्ध अँड हिज धम्म' लिहिला. तो त्यांच्या निर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. ज्ञानाच्या वाटा त्यांनी मोठ्या-लहान अशा मोजल्या नाहीत. ज्या प्रश्नाला जे ज्ञान लागले, ते त्यांनी मिळविले.

विद्यार्थिमित्रहो, प्रवेश-अर्ज भरण्यापूर्वी एक स्वाध्याय करा. कोऱ्या कागदावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. माझ्या वस्तीतील कोणते दुःख मला अस्वस्थ करते? त्याचे कारण शोधण्यास कोणते ज्ञान लागेल? आणि ते दूर करण्यास माझ्या हातांना कोणते कसब लागेल? उत्तरे लिहून झाली की तो कागद घेऊन आमच्याकडे या. मग शाखेची निवड आपण मिळून करू.