घर नावावर करताना खर्च किती?



ऊस विकास विभागाने बेणे, खत, खोडवा सोडून घराच्या कागदावर लिहावे याचे नवल वाटेल. पण सास्तूर गटात ऊसनोंदीला फिरताना आमच्यासमोर नेहमी एकच पिशवी उघडली जाते. भागाचा दाखला, सातबारा, बँकेचे पासबुक आणि तळाशी घराचा कागद. मयत सभासदाचा भाग वारसाच्या नावे करायची विचारणा झाली, की पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच, "साहेब, घर नावावर करायला किती लागतील?"

सास्तुरात हा प्रश्न जरा जास्तच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने जुने गाव बसले. पुनर्वसनात घरे मिळाली ती जमीन-धारणेप्रमाणे. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबाला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरला ४०० आणि त्यावर ७५० चौरस फूट. ज्या कर्त्या माणसाच्या नावे घर आले, तो आज म्हातारा झाला किंवा निवर्तला. घरात मुले-नातवंडे नांदतात, पण कागदावर नाव जुनेच.

तर खर्च. तो घराच्या आकारापेक्षा घर कोणत्या वाटेने दुसऱ्याच्या नावे जाते यावर ठरतो.

परक्या माणसाकडून खरेदीखत केले, तर खर्च सर्वांत मोठा. आपल्या ग्रामपंचायत हद्दीत मुद्रांक व जिल्हा परिषदेचा अधिभार मिळून साधारण पाच टक्के, आणि नोंदणी फी एक टक्का. ही फी कितीही मोठा व्यवहार असला तरी तीस हजारांवर जात नाही. समजा घर आठ लाखांचे. मुद्रांक व अधिभार चाळीस हजार, नोंदणी आठ हजार, एकूण अठ्ठेचाळीस हजार. टनाला तीन हजार धरले, तर सोळा टन ऊस गेला! शिवाय दस्तात किंमत कमी लिहून सुटका होत नाही. शासनाच्या बाजारमूल्य तक्त्यातली किंमत आणि तुमची किंमत यांपैकी जी जास्त, तिच्यावर मुद्रांक बसतो. दस्त लिहिणाराची व वकिलाची फी वेगळी. ती आधी ठरवून घ्यावी व पावती मागावी.

घरच्या घरात मात्र चित्र वेगळे. राहते घर वा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाची बायको यांना बक्षीसपत्राने दिली, तर मुद्रांक फक्त दोनशे रुपये. जिल्हा परिषदेचा एक टक्का अधिभार बक्षीसपत्रालाही आहे, म्हणून दस्त करण्याआधी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेमका आकडा विचारून घ्या. यात भाऊ येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

भावा-बहिणींत वडिलोपार्जित घराचा हक्क सोडायचा असेल, तर हक्कसोडपत्र करावे. त्याचा मुद्रांक पूर्वी दोनशे होता; ऑक्टोबर २०२४ पासून पाचशे झाला. पैसे घेऊन हक्क सोडला, तर हिशेब बदलतो. आणि बहिणीची सही "रीत म्हणून" गृहीत धरू नये. महाराष्ट्रात १९९४ च्या व देशभर २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबात मुलगी मुलासारखीच हक्कदार आहे. तिने समजून-उमजून सही दिली तर ठीक. न सांगता घेतलेली सही पुढे कोर्टात नेते. मुस्लिम सभासदांचा वारसा त्यांच्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे चालतो.

बक्षीसपत्र स्वस्त म्हणून धावत जाऊ नका, असे आम्ही म्हाताऱ्या सभासदांना सांगतो. ते एकदा नोंदले की घर गेले. पोराने भाकरी दिली नाही म्हणून सहजी परत येत नाही. सांभाळण्याची अट दस्तातच लिहून घ्यावी, म्हणजे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढे दाद मागता येते. मनात धाकधूक असेल तर मृत्युपत्र बरे. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात आणि जिवंत असेपर्यंत ते कितीदाही बदलता येते. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवावी.

कर्ता माणूस काही न करता गेला, तर वारस नोंदीला मुद्रांक नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र व अर्ज एवढ्यावर काम होते, पण सर्व वारस एकमताचे असले तरच. एक जण अडला की दिवाणी न्यायालय, वकील, तारखा. तिथला खर्च कोणी आधी सांगू शकत नाही. दोन पिढ्या नोंद राहिली, तर चार वारसांचे चौदा होतात, त्यांतले काही पुण्यात, काही भिवंडीत. एकेकाची सही आणायचे भाडेच मुद्रांकाहून जास्त होते.

वाटणीत शेतजमिनीला शंभर रुपये मुद्रांक आहे. घराला तो दर धरू नये. घराच्या वाटणीत सर्वांत मोठा हिस्सा सोडून बाकी हिश्श्यांच्या किमतीवर आकारणी होते.

आता बाँडवरच्या व्यवहाराविषयी. "शंभराच्या बाँडवर लिहून घेतलंय, नोटरी पण केलीय," असे अभिमानाने दाखवणारे भेटतात. शंभर रुपयांवरील स्थावराची विक्री १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावीच लागते. नोटरीने मालकी येत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नाव लागले म्हणूनही मालकी सिद्ध होत नाही; तो कराचा कागद. असा कमी मुद्रांकाचा कागद पुढे पुराव्याला काढला, तर तुटीच्या रकमेवर दरमहा दोन टक्के दंड चढत जातो.

पुनर्वसनाच्या घराला आणखी एक काळजी. कबाला किंवा वाटपाचा आदेश असेल तर त्यातल्या अटी आधी वाचा; विक्रीला परवानगी लागते का, ते त्यावरच कळेल. कागद सापडत नसेल तर विसार देण्याआधी तहसीलमध्ये नक्कल मागा. घराचा नंबर, चतुःसीमा आणि प्रत्यक्ष जागा जुळते का, तेही पाहा. पुष्कळांनी नंतर पुढे-मागे खोल्या वाढवल्या आहेत, आणि त्या कागदात नाहीत.

अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नये.