नवजात वासरू आणि चीक

गर्भावस्थेतच वासराच्या यकृतात व पुढे हाडांच्या मगजात रक्तातील पांढऱ्या पेशी तयार होतात. त्यांपैकी काही थायमस ग्रंथीत परिपक्व होतात. परंतु मातेची रोगप्रतिकारक द्रव्ये मनुष्याप्रमाणे गायीच्या वारेतून गर्भास मिळत नाहीत, आणि स्वतःची पुरेशी द्रव्ये बनविण्यास वासराला काही आठवडे लागतात. तोवर आधार चिकाचाच. चिकातील ही द्रव्ये जशीच्या तशी शोषून घेण्याची आतड्याची शक्ती तासातासाने घटून सुमारे २४ तासांत संपते. वार पडेपर्यंत वासरास पाजू नये, अशी कोठे कोठे चाल आहे. ती घातक होय. फुलंब्री तालुक्यातील पशुपालकांनी व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. दोन तासांच्या आत चीक पाजावा. २५ किलोच्या वासरास पहिल्या दिवशी निदान अडीच लिटर. खरवस सर्वांनाच आवडतो. तो उरलेल्या चिकाचा करावा.